नकादाच्या कबरींतील भांडी संग्रहालयात कशी पाहावीत

इजिप्तच्या दालनात गर्दी ममींभोवती असते आणि कबरींतून निघालेली मातीची भांडी कडेच्या कपाटात दाटीवाटीने मांडलेली असतात. ती समजून घ्यायची असतील, तर सुरुवात फॅरोंच्याही आधीच्या, म्हणजे दक्षिण इजिप्तमधील नकादा या ठिकाणच्या कबरींतील भांड्यांपासून करावी. लंडनच्या पेट्री संग्रहालयात ती मुबलक आहेत.

प्रथम माती पाहावी. नाईलच्या गाळाची माती भाजल्यावर तांबूस-तपकिरी होते, तर वाळवंटाच्या कडेची चुनखडीयुक्त माती फिकट राहते. तांबड्या अंगाची, काळ्या काठाची भांडी गाळाच्या मातीची असतात. डोळे काठाच्या पातळीला आणले की तो किंचित वाकडा दिसतो, कारण ही भांडी चाकावर नव्हे, तर हाताने घडवलेली आहेत. बाजूने पाहिल्यास गुळगुळीत दगडाने घोटल्याच्या बारीक रेषाही उमटतात. काठाचा काळेपणा हा रंग नव्हे. भाजताना तेवढ्या भागाला हवा न मिळाल्याने तेथे काजळी मुरलेली असते.

फिकट भांड्यांवरच्या, अनेक वल्ह्यांच्या तांबूस नौका लक्ष वेधून घेतात खऱ्या, परंतु माझ्या मते त्यांच्यापेक्षा साध्या भांड्यांचे नागमोडी कान अधिक बोलके आहेत. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी 1894-95 मध्ये नकादा येथे उत्खनन केले, तेव्हा या कबरींत पुरलेले लोक बाहेरून आलेले असावेत असा त्यांचा (चुकीचा) समज झाला होता. पुढे मात्र सुमारे 900 कबरींतील भांड्यांची तुलना करून त्यांनी त्या कबरींचा कालक्रम लावला. त्याची किल्ली म्हणजे हे कान. आरंभीच्या गोलसर भांड्यांना ते धरण्याजोगे असतात. पुढे भांडे उभट होत जाते, कान आक्रसतात आणि शेवटी नळकांड्यासारख्या भांड्यावर नुसती नागमोडी रेघ उरते. आतला ऐवजही बदलला: आधी सुगंधी चरबी असे, नंतरच्या भांड्यांत केवळ चिखल भरलेला आढळतो. म्हणून कपाटातील अशी भांडी एकेकटी न पाहता, कानांच्या क्रमाने मनात मांडून पाहावीत.

त्यानंतर भांड्याच्या अंगावर शाईने लिहिलेला आकडा शोधावा. तो बहुधा कबरीचा क्रमांक असतो आणि त्याच्या आधारे त्याच कबरीतील इतर वस्तू शोधता येतात. पेट्री संग्रहालयाची सूची इंटरनेटवर खुली असल्याने हे काम घरबसल्याही करता येते. असा आकडा नसलेले, बाजारातून विकत घेतलेले भांडे कितीही देखणे असले, तरी ते कोणाशेजारी आणि कशासोबत पुरले होते, हे त्यावरून कळत नाही.