जुना पलटी नांगर घेताना दोन्ही बाजू उलटून पाहा

पलटी नांगर जमिनीवर उभा असतो तेव्हा त्याचे निम्मे फाळ वर आकाशाकडे असतात आणि निम्मे मातीत टेकलेले. विकणारा माणूस वरचे फाळ दाखवतो, आपणही तेवढेच पाहून पैसे मोजतो. मी तसेच मोजले होते. शिरूर तालुक्यात दोन फाळी नांगर मिळाला, रंग ताजा, वरचे फाळ जवळजवळ नवे. घरी आणून लावला तर जाताना तास, म्हणजे नांगराची चर, नऊ इंच खोल आणि येताना जेमतेम सहा. खालच्या बाजूला गुडघ्यावर बसून किल्लीनं रंग खरवडला, तेव्हा एका फाळाच्या दांड्यावर बोटाएवढी जाड वेल्डिंगची गाठ निघाली. दांडा कधीतरी दगडाला लागून वाकला होता, तुटला होता आणि तिरकाच जोडला होता.

म्हणून नवख्या माणसाला माझं पहिलं सांगणं हेच: पलटी नांगर म्हणजे एका सांगाड्यावरचे दोन नांगर. जाण्याचा वेगळा, येण्याचा वेगळा. दोन्ही स्वतंत्र तपासायचे.

आधी आपला ट्रॅक्टर बघा

नांगर शोधायला निघण्याआधी घरच्या ट्रॅक्टरच्या मागे जाऊन उभं राहा. दोन फाळी हायड्रॉलिक पलटीला साधारण ४५ ते ५० एचपीचा ट्रॅक्टर लागतो. दौंड-इंदापूरच्या भारी काळ्या जमिनीत उसाचा खोडवा मोडायचा असेल तर ५० धरूनच चाला. ट्रॅक्टर लहान असेल तर तीन फाळी स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका, पुढची चाकं उचलायला लागतात.

मग पिना मोजा. ट्रॅक्टरच्या मागे नांगर अडकवायचे जे हात असतात त्यांना लिंक म्हणतात; खालच्या दोन लिंकच्या पिना लहान मापात २२ मिलिमीटरच्या असतात, मोठ्या मापात २८ च्या. नांगराची पिन बारीक असेल तर बुश घालून भागतं, जाड असेल तर मात्र लिंकचे बॉलच बदलावे लागतात. नांगराला दोन होस पाइप असतील तर ट्रॅक्टरलाही तेल नेणारी आणि परत घेणारी अशा दोन्ही जोडण्या हव्यात. नसतील तर त्या बसवण्याचा खर्च नांगराच्या किमतीत धरा.

कधी जायचं

उसाचा हंगाम सरला की उन्हाळी नांगरटीची घाई सुरू होते, तेव्हा जुन्या नांगराला कोणी भाव कमी करत नाही. पावसाळा लागला की तेच नांगर गोठ्यामागे गवतात उभे दिसतात. जुलै-ऑगस्टमध्ये जा. शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर हा पट्टा पर्जन्यछायेत आहे, त्यामुळे त्या दिवसांतही वाफसा, म्हणजे नांगरण्याजोगी ओल, असलेलं रान चाचणीपुरतं मिळून जातं.

नांगर कुठल्या मातीत चालला हे विचारा. मुरमाड, दगडाच्या रानात राबलेल्या नांगराचे दांडे आणि सांगाडा जास्त काळजीनं बघावे लागतात. भाड्यानं नांगरट करणाऱ्याचा नांगर घरच्या वापरातल्या नांगरापेक्षा कितीतरी जास्त एकर फिरलेला असतो. ते वाईट नाही, पण मग भाव तसा हवा.

नांगर जागेवर तपासताना

सोबत मोजपट्टी, सुतळी, एक किल्ली आणि जुनं फडकं ठेवा. नांगर ट्रॅक्टरला जोडूनच दाखवायला सांगा. जमिनीवर पडलेला नांगर पाहून कधीही सौदा करू नका.

मोजमापापासून सुरुवात करा. नांगर जमिनीवर टेकवून ट्रॅक्टर बंद करा. मुख्य दांड्याच्या मध्यापासून वरच्या प्रत्येक फाळाच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. मग बाजूला होऊन नांगर पलटवून घ्या, पुन्हा टेकवा आणि दुसऱ्या बाजूचंही तसंच मोजा. फाळाच्या झिजेमुळे थोडा फरक पडतो, पण इंचभर फरक दिसला तर काहीतरी वाकलंय असं समजा. सांगाड्याच्या लांबीला सुतळी ताणून धरली की वाक लगेच कळतो. माझ्या त्या नांगराला मी ही पाच मिनिटं दिली असती तर पुढचे दोन महिने वाचले असते.

ताज्या रंगाचा संशय घ्या. जिथे दांडा सांगाड्याला बसतो, जिथे तीन पिनांचा पुढचा भाग येतो, तिथे किल्लीनं थोडं खरवडा. रंगाखालून गंजाची बारीक सरळ रेघ डोकावत असेल तर ती बहुतेक वेळा चीर असते. कारखान्यातली वेल्डिंग एकसारखी लागलेली असते, नंतर केलेली गाठीगाठीची. जुनी वेल्डिंग दिसली म्हणून लगेच परत फिरू नका, पण ती कुठे आहे ते बघा. मुख्य दांड्यावर किंवा फाळाच्या दांड्यावर असेल तर मी तो नांगर घेणार नाही.

पलटणाऱ्या सांध्याचा भाग हा या नांगराचा जीव. नांगर टेकलेला असताना मागचं टोक पहारीनं हलवून पाहा. थोडी हालचाल चालते, खडखड आवाज करत हलला तर बुश आणि पिना गेल्यात. भोसरीत लेथवर हे काम होतं, पण सांगाड्याचं भोकच अंडाकृती झालं असेल तर खर्च वाढतो.

नांगर पलटवणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरचा दांडा आरशासारखा हवा. तो बाहेर काढून ठेवायला लावा, ट्रॅक्टर बंद करा आणि मग फडक्यानं पुसून बघा. दांड्यावर खड्डे किंवा ओरखडे असतील तर नवं सील टाकूनही तेल गळत राहतं. ट्रॅक्टर अर्धा तास चालवून तेल गरम झाल्यावर नांगर दहा वेळा पलटवायला सांगा. थंड तेलावर सगळेच नांगर छान पलटतात. पलटताना जवळ थांबू नका आणि उचललेल्या नांगराखाली हात किंवा डोकं घालू नका. पाइपची गळती बोटानं चाचपू नका, दाबाखालचं तेल कातडीत शिरतं. पुठ्ठ्याचा तुकडा धरा.

फाळ, टोकं, माती पलटवणारा वाकडा पत्रा आणि तासाच्या भिंतीला घासणारी बाजूची पट्टी हे झिजणारच, तो दोष नाही. फक्त बोल्टची डोकी झिजून सपाट झालीत का ते बघा. बाजूची पट्टी संपून मागचा मूळ लोखंडी भागच घासला असेल तर ते महागात जातं. काय काय बदलावं लागेल ते लिहून घ्या, सुट्या भागांच्या दुकानात भाव विचारा आणि मगच बोलणीला बसा.

रानात चालवून

निदान चार फेऱ्या मारा. पहिली फेरी सोडून द्या, ती जुळवण्यात जाते. नंतर जातानाच्या आणि येतानाच्या तासात मोजपट्टी उभी करा. खोली सारखी हवी. नसेल तर आधी पलटल्यावर नांगर दोन्ही बाजूंना कुठे थांबतो ते ठरवणारे स्क्रू फिरवून बघा, बऱ्याचदा दोष तेवढाच असतो. स्क्रूनं जमलं नाही तर वाक आहे.

कागद आणि वाहतूक

नांगराला ट्रॅक्टरसारखं आरसी बुक नसतं, म्हणून मूळ बिल मागा. सांगाड्यावरच्या पट्टीवरचा नंबर बिलाशी ताडून बघा, फोटो काढा. अनुदानावर घेतलेला असेल तर ठरावीक मुदतीत न विकण्याची अट असू शकते, आणि बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजाही असू शकतो. दोन्ही गोष्टी विक्रीच्या पावतीत विकणाऱ्याकडून लिहून घ्या, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, पैसे खात्यातून द्या. फोटो पाहून आगाऊ रक्कम पाठवू नका.

आणताना पिकअप करा. साडेतीन-चारशे किलोचा नांगर मागे टांगून दिवे घाटासारखा उतार उतरणं धोक्याचं आहे, पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग धरत नाही. वाटेत वजनकाट्यावर वजन करून घ्या, भंगाराच्या भावानं त्याची किंमत किती होते तेही कळतं.

घरी आल्यावर सगळीकडे ग्रीस भरा. पहिल्या तासाभराच्या कामानंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा, ते हमखास ढिले पडतात. काम संपलं की पत्र्यांना दोन्ही बाजूंनी जुनं इंजिन ऑइल फासून ठेवा. गंज चढलेल्या पत्र्याला काळी माती चिकटून बसते आणि नांगर तिला पलटवण्याऐवजी ढकलत नेतो.