कॉलेजात असताना समाजकामात आणि नाटकात उतरायचंय? सुरुवात अशी करा

ऍडमिशन झाली की बऱ्याच पोरापोरींचा एकच प्रश्न असतो, काहीतरी करायचंय, लोकांमध्ये काम करायचंय, लीडरशिप शिकायचीये, पण नक्की जायचं कुणाकडे? महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर कॉलेजातल्या थेट निवडणुका बंद झाल्या, त्यामुळे उभं राहून निवडून यायचं हा अनुभव आपल्या कितीतरी बॅचेसना मिळालाच नाही. पण माणसं सांभाळायला शिकायचं असेल तर माझ्या मते अजूनही सगळ्यात भारी जागा म्हणजे एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, आणि तिच्या जोडीला कॉलेजचा नाटकाचा ग्रुप. दोन्ही करा. एकात शिकलेलं दुसऱ्यात लगेच कामाला येतं, ते कसं ते खाली सांगतोच.

आधी एनएसएस. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ ला ही योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तुम्हाला करायचं असतं ते एवढंच, दोन वर्षांत २४० तास काम, म्हणजे वर्षाला १२०, आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर, बहुतेक वेळा दत्तक गावात. नोंदणी वर्षाच्या सुरुवातीलाच होते म्हणून नोटीस लागायची वाट बघत बसू नका, कॉलेजात प्रोग्राम ऑफिसर कोण सर किंवा मॅडम आहेत ते विचारा आणि थेट जाऊन भेटा. क्रेडिट किंवा वाढीव मार्क कसे मिळतात तेही त्याच भेटीत विचारून घ्या, प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं असतं.

शिबिरात पन्नासेक जण असतात आणि त्यांचे गट पाडतात. गटप्रमुख व्हायची संधी आली तर सोडू नका, आणि नाही आली तर किचनचा गट मागून घ्या, खरंच सांगतो, पन्नास माणसांचा सकाळचा चहा वेळेवर देणं हे कुठल्याही वर्कशॉपपेक्षा जास्त शिकवतं. गटप्रमुखाने पहिल्या रात्रीच कामाच्या पाळ्या चार्टपेपरवर लिहून भिंतीला लावायच्या, पोळ्या लाटायला मुलं आणि खड्डे खणायला मुली हेही त्यातच येऊ द्या, रोज रात्रीच्या मीटिंगला जो दिवसभर काहीच बोलला नाही त्याला आधी बोलायला लावायचं, आणि कुणाला ताप आहे, कुणाच्या हाताला फोड आलेत हे झोपायच्या आधी माहीत पाहिजे. शिबिराच्या आधी गावाला एक चक्कर मारा तेव्हा मुलींच्या राहण्याची आणि संडास-बाथरूमची सोय स्वतः डोळ्यांनी बघून या. हे फोनवर विचारायचं काम नाही.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, पथनाट्य. शिबिरात संध्याकाळी करमणुकीचा कार्यक्रम असतोच, पण तिथे नुसता डान्स करून मोकळं होऊ नका. विषय मात्र कॉलेजात बसून ठरवायचा नाही. गावात जा, आशाताईंना भेटा, अंगणवाडीच्या ताईंना भेटा, शाळेतल्या सरांशी बोला आणि मग ठरवा. आमचा ग्रुप व्यसनमुक्तीचं स्क्रिप्ट घेऊन गेला होता आणि आशाताई म्हणाल्या, ते चांगलंच आहे रे बाळांनो, पण इथे साप चावला की लोक आधी मांत्रिकाकडे नेतात आणि तासन् तास तिथेच जातात, त्यावर काहीतरी करा. झालं, रात्री बसून नवीन लिहिलं.

असं लिहिताना माहिती पक्की पाहिजे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप, आणि दवाखान्यातलं जे इंजेक्शन आहे ते या चारही सापांच्या विषावर चालतं. चावलेल्या जागी ब्लेड मारायचं नाही, तोंडाने विष ओढायचं नाही, आवळून दोरी बांधायची नाही, माणसाला चालवायचं नाही, हात किंवा पाय हलणार नाही असा ठेवून १०८ ला फोन करायचा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि कधीकधी चावल्याचं कळतही नाही, म्हणून खाटेवर किंवा मच्छरदाणी नीट खोचून झोपायचं. एवढं स्क्रिप्टमध्ये आलं की पुरे, आणि गावाजवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात इंजेक्शन मिळतं ते आरोग्य केंद्रात विचारून त्याचं नाव नाटकात दोनदा घ्या.

नाटक पंधरा मिनिटांच्या वर न्यायचं नाही. पाच-सहा पात्रं, सगळे साध्या कुर्त्यात, उपरणं डोक्याला बांधलं की बाप, खांद्यावर टाकलं की सरपंच, तेवढ्यावर भागतं. हलगी असेल तर सोनंच, वस्तीतून हलगी वाजवत एक फेरी मारली की पोरं मागे येतात आणि पोरांच्या मागे आयाबाया. लोक गोल उभे राहतात त्यामुळे एका बाजूला तोंड करून बोललात तर अर्ध्यांना पाठच दिसते, फिरत राहा आणि वाक्यं छोटी ठेवा. मांत्रिकाची टिंगल करू नका, तो कदाचित समोरच उभा असेल आणि गावाचा त्याच्यावर विश्वास आहे, उलट नाटकात त्याच्याच तोंडून "आधी दवाखान्यात न्या" म्हणवा, ते जास्त लागतं. गाडगेबाबा दिवसा खराट्याने गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारायचे, तेच इथे करा, मधेच नाटक थांबवून विचारा, "आता कुठं नेऊ ह्याला?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा. येतं उत्तर. वेळ म्हणाल तर डेअरीवर दूध घालायला माणसं जमतात तेव्हा एक प्रयोग, आणि बायका तेव्हा चुलीपाशी असतात म्हणून दुसरा प्रयोग दुपारी बचत गटाच्या मीटिंगला.

नाटकाचा कस वाढवायचा असेल तर एकांकिका स्पर्धा. पुण्यात पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे, फिरोदिया करंडकात तर एकाच सादरीकरणात नाटकासोबत गाणं, नाच, चित्र, शिल्प असं सगळं गुंफायचं असतं. ऍक्टिंग येत नाही म्हणून मागे राहू नका, सेट, लाइट, म्युझिक, प्रॉपर्टी, सगळीकडे माणसं लागतात, आणि तालमीला कोण आलं कोण नाही, कुणाचं सबमिशन आहे, टेम्पो किती वाजता येणार हे जो बघतो तोच खरं तर ग्रुप चालवत असतो. फर्स्ट इयरला तेच काम मागा. स्किट, माइम, लोकनृत्य असं काही करायचं असेल तर कॉलेजच्या विद्यार्थी विकास विभागात युवा महोत्सवाची चौकशी करा, तिथून निवड होत होत राज्याच्या इंद्रधनुष्य महोत्सवापर्यंत जाता येतं.

कॉलेजात फार काही होत नसेल तर बाहेर बघा. मे महिन्याच्या सुट्टीत चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला बाबा आमट्यांनी सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी असते, सकाळी श्रमदान आणि नंतर चर्चा. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी २००६ मध्ये सुरू केलेला तरुणांसाठीचा निर्माण उपक्रमही आहे, त्याची शिबिरं गडचिरोलीत त्यांच्याच सर्च या संस्थेत होतात आणि निवड अर्ज बघून होते, त्यामुळे अर्ज शेवटच्या रात्री भरू नका, आपण आत्तापर्यंत काय केलं आणि कुठे अडलो ते सविस्तर लिहा.

आणि शिबिर संपलं म्हणून गावाचा नंबर डिलीट करू नका. पावसाळ्याच्या तोंडाशी, जूनमध्ये, आशाताईंना फोन करा, सापाचे दिवस तेव्हाच सुरू होतात, प्रयोग परत लावायचा का विचारा. तोपर्यंत ज्युनियर्सना स्क्रिप्ट पाठ करायला देऊन ठेवा आणि हलगी कुणाकडे आहे तेही सांगून ठेवा.