आयकिडोचा पहिला गी: या चुका टाळा

आयकिडो या जपानी युद्धकलेच्या ठाण्यातल्या आमच्या वर्गात दर जूनमध्ये नवी बॅच येते. मी अकरा वर्षं शिकते आहे, आणि गेली पाच वर्षं नव्या मंडळींचे पहिले दोन महिने माझ्याकडे असतात. पडायचं कसं, लोळायचं कसं, गुडघ्यांवर बसायचं कसं, हेच मुख्यतः तेव्हा शिकवायचं असतं. दरवर्षी दुसऱ्या आठवड्यात अर्धी बॅच नवा गी, म्हणजे सरावाचा पोशाख, घालून येते आणि मग विचारते, "ताई, हा चालेल ना?" घेण्याआधी कोणी विचारत नाही.

म्हणून पहिलं सांगणं हेच, की महिनाभर काही घेऊ नका. सुती फुल बाह्यांचा टी-शर्ट आणि पायघोळ नसलेली ट्रॅक पँट पुरते. तिला चेन, बटणं, बकल असं काही नको, कारण लोळताना ते पाठीत घुसतं आणि मॅटही फाडतं. महिन्याभरात तुम्हाला हे जमतंय का, आवडतंय का ते कळतं. वर्गात कुठला गी चालतो तेही दिसतं. ज्यांना पहिल्याच दिवशी पूर्ण पोशाख हवा असतो, त्यांतले बरेच जण गणपतीपर्यंत दिसेनासे होतात. हे मला दरवर्षी वाईट वाटतं, कारण चार महिने थांबले असते तर त्यांना खरी गोडी लागली असती.

आता सगळ्यात मोठी चूक.

कराटे ड्रेस घेणं

दुकानात जाऊन "मार्शल आर्ट्सचा ड्रेस द्या" म्हटलं की कराटे ड्रेस पुढे येतो. मुंबईत धोबीतलावला जा, नाहीतर ऑनलाइन शोधा, सगळ्यात जास्त माल त्याचाच असतो. पांढरा आहे, बेल्ट आहे, स्वस्त आहे. दिसायला सारखाच. पण कराट्यात मुख्य काम ठोसे आणि लाथा. हात-पाय झपकन हलावेत म्हणून तो कापडाला हलका आणि शिवणीला साधा असतो. त्याला कोणी तासभर धरून ओढणार आहे, असं गृहीत धरून तो शिवलेलाच नसतो.

आयकिडोत जवळपास प्रत्येक सरावाची सुरुवात धरण्याने होते. काताते-दोरीत मनगट धरतात, सोदे-दोरीत बाही, काता-दोरीत खांदा, मुने-दोरीत छातीवरची कॉलर. समोरच्याने तुमचं कापड मुठीत घट्ट धरायचं आणि तुम्ही त्याच पकडीतून त्याचा तोल काढायचा. दोन तासांत शंभरेक वेळा हे होतं. त्यासाठी लागतं ते ज्युदोचं कापड: जाड सुती, तांदळाचे दाणे ओळीने मांडावेत तशी वीण, खांद्यांवर दुहेरी थर, काखेत मजबूत शिवण. हा पोशाख मुळात ज्युदोतूनच आला. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही आपली शाळा सुरू केली, आणि धरून फेकण्याच्या सरावाला टिकेल असा पोशाख तिथे घडत गेला. आयकिडोचे संस्थापक मोरिहेई उएशिबा यांच्याकडेही तोच रुळला.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. इंजिनीअरिंगला असलेला एक मुलगा साडेपाचशे रुपयांचा कराटे ड्रेस घेऊन आला. मी म्हटलं, हा टिकणार नाही. तो म्हणाला, "फाटला तर दुसरा घेईन, ताई." मीही जास्त ताणून धरलं नाही, आणि ती माझी चूक होती. तिसऱ्या आठवड्यात बाही धरून शिहो-नागे हा फेकीचा प्रकार चालू होता. त्याच्यासोबत बावन्न वर्षांच्या एक काकू होत्या, सहा महिने जुन्या, पडण्याची पद्धत चांगली. त्यांनी सांगितल्याप्रमाणे बाही घट्ट धरली होती आणि तो वळला. काखेतली शिवण उसवली आणि बाही एका झटक्यात कोपरापर्यंत फाटली. काकूंचा सगळा भार त्या पकडीवर होता. आधार गेला तशा त्या लोळायची संधी न मिळता सरळ खांद्यावर आपटल्या. हाड वाचलं, पण पुढचे दोन महिने त्यांना हात डोक्यावर नेता येत नव्हता. तो मुलगा हादरून गेला होता. त्याला ओरखडाही आला नव्हता.

"फाटला तर माझाच फाटेल" हा हिशेब म्हणूनच चुकीचा आहे. तुमचा गी ज्याने धरलाय, त्याचा तोल त्या कापडावर असतो. त्या दिवसापासून माझ्या बॅचमध्ये कराटे ड्रेस घालून धरण्याचा सराव नाही. टी-शर्ट फाटत नाही, ताणला जातो. तो परवडला.

मग घ्यायचं काय? ज्युदोचा सिंगल वीव्ह, म्हणजे एकेरी विणीचा गी. कापडाचं वजन चौरस मीटरला साधारण ४५० ते ५५० ग्रॅम असेल तर आपल्या हवेत पुरे. काही जण उत्साहात डबल वीव्ह घेतात, त्याहून बराच जड, स्पर्धेतल्या ज्युदोकांचा. कोकणपट्टीच्या दमट हवेत तो अंगावर ओल्या गोधडीसारखा बसतो आणि जुलैत दोन-दोन दिवस वाळत नाही. ब्राझिलियन जुजुत्सूचा गी बाहीला अरुंद, अंगाला घट्ट आणि बिल्ल्यांनी भरलेला असतो, तो नको. तायक्वांदोचा डोक्यातून घालायचा तर नकोच. खास आयकिडोचा म्हणून शिवलेला मिळाला तर उत्तम. त्याच्या बाह्या थोड्या आखूड असतात, आणि त्याला कारण आहे.

बाह्या दुमडणं

ज्युदोच्या गीच्या बाह्या मनगटापर्यंत येतात. आयकिडोत मनगट उघडं लागतं, कारण समोरचा तेच धरतो. नवा माणूस काय करतो? बाहीला दोन घड्या घालतो आणि उभा राहतो. शिंप्याकडे जायला वेळ नसतो.

अशाच एका घडीत माझ्या डाव्या हाताची अनामिका अडकली. मी एका नव्या माणसाचं मनगट धरायला गेले आणि बोट घडीच्या आत सरकलं. तो तेन्कान करून पटकन वळला, हात सुटला, पण बोट सुटलं नाही. आवाज मी अजून विसरलेले नाही. तीन आठवडे पट्टी होती, आणि थंडीच्या दिवसांत ते पेर आजही दुखतं. त्याची चूक घडीची होती, माझी ती बघूनही न बोलण्याची. आता मी वर्ग सुरू होण्याआधी रांगेतून एक चक्कर मारते, आणि कोणाची बाही दुमडलेली दिसली की ती सोडवते.

बाही कापून, आत दुमडून, सपाट शिवून घ्या. हात सरळ पुढे केल्यावर ती मनगट आणि कोपर यांच्या मध्याच्या थोडी पुढे संपावी. शिंपी म्हणेल, एवढं जाड कापड माझ्या मशीनवर जात नाही. मग बॅगा आणि ताडपत्र्या शिवणाऱ्याकडे जा. आमच्याकडे बाजारातला एक बॅगवाला हे काम दहा मिनिटांत करतो.

पण शिंप्याकडे जायच्या आधी गी तीनदा धुवा. सुती कापड आटतं, आणि ब्लीच न केलेलं पिवळसर कापड जास्त आटतं. माझा नियम साधा आहे. आणल्या दिवशी बाही आणि पँट टेपने मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचं, थंड पाण्यात धुवायचं, सावलीत वाळवायचं, पुन्हा मोजायचं. तीन धुण्यांनंतर माप स्थिर झालं की मग कात्री. पहिल्याच दिवशी अल्टर करून आणलेला गी महिन्याने कोपराच्या वर गेलेला मी पाहिलाय. कापलेलं परत जोडता येत नाही.

मापाचं म्हणाल तर बहुतेक गी उंचीवर असतात. १६०, १७०, १८० म्हणजे तेवढ्या सेंटिमीटर उंचीच्या माणसासाठी. काही ठिकाणी त्यांनाच ३, ४, ५ नंबर म्हणतात. तुमची उंची दोन मापांच्या मधली असेल तर वरचं घ्या, आटायला जागा राहते. एक नंबर वर, त्याहून जास्त नाही.

हे मुलांच्या आईवडिलांनी खास ऐकावं. "वाढतं अंग आहे" म्हणून शाळेचा युनिफॉर्म दोन नंबर मोठा घ्यायची आपली पद्धत मला कळते, मीही तसाच युनिफॉर्म घालून वाढले. पण आयकिडोत शिक्को असतं, म्हणजे गुडघ्यांवर चालणं. दहा वर्षांचा एक मुलगा शिक्को करत होता. लांब पँटची कड त्याच्याच गुडघ्याखाली आली आणि तो पुढे तोंडावर गेला. ओठ फाटला, दोन टाके पडले. नंतर कित्येक आठवडे त्याला गुडघ्यांवर बसायचीच भीती वाटत होती, आणि ती घालवायला मला टाके भरायला लागले त्याहून जास्त दिवस लागले. पँट घोट्याच्या हाडाच्या वर संपायला हवी. पुढच्या वर्षी लहान होईल तर होऊ दे. आमच्या वर्गात मोठ्या मुलांचे गी लहानांना जातात. तुमच्याही वर्गात विचारून बघा.

पँट घेताना गुडघ्यावर दुहेरी कापड आहे का ते आधी बघा. नसेल तर नवी असतानाच जुन्या गीच्या तुकड्याचं ठिगळ लावून घ्या, नडगीपर्यंत लांब, म्हणजे शिवणीची कड वाटीवर येणार नाही. ठिगळाची बाजू पुढे. उलटी पँट घालून आलेले दर बॅचला दोघे-तिघे असतात. नाडीचीच पँट घ्या, इलॅस्टिक लोळताना खाली सरकतं.

जॅकेटची डावी बाजू वर, उजवी आत. पुरुषांचा शर्ट असाच असतो, म्हणून त्यांना जमतं. बायकांच्या शर्टाची बटणपट्टी उलट असल्याने आमचा हात सवयीने उजवी बाजू वर घेतो. जपानमध्ये उजवी वर ही मृताला कपडे घालायची रीत आहे. वर्गात कोणी जपानी पाहुणे आले आणि तुम्ही तसे उभे राहिलात तर ते बोलणार नाहीत, पण त्यांना चरकायला होईल.

बेल्ट पांढरा. रंगाची चौकशी नंतर.

हाकामाची घाई

हाकामा म्हणजे चुण्यांचं ते घेरदार काळं किंवा निळं पायघोळ वस्त्र. व्हिडिओत तेच दिसतं आणि तेच सगळ्यांना हवं असतं. वर्गाला येऊन पंधरा दिवस झालेला माणूस मला फोनवर ऑर्डर दाखवतो, तेव्हा मला खरोखर काळजी वाटते. बऱ्याच डोजोंमध्ये, म्हणजे सरावाच्या वर्गांमध्ये, शोदान, म्हणजे पहिल्या काळ्या पट्ट्यानंतरच हाकामा घालतात. काही ठिकाणी स्त्रियांना आधी घालता येतो, काही ठिकाणी सगळ्यांनाच. युद्धानंतर जपानात कापडाची टंचाई होती म्हणून नव्यांना त्यातून सूट मिळाली, असं जुन्या शिष्यांच्या आठवणींत येतं. तेव्हा नियम तुमच्या सेन्सेईंना, म्हणजे शिक्षकांना विचारा, दुकानदाराला नको.

माझं मत नियमापलीकडचं आहे. हाकामा पाय झाकतो. नव्या माणसाचे पाय शिकवणाऱ्याला दिसायलाच हवेत: कुठला पाय पुढे, टाच उचलतेय का, गुडघा आत पडतोय का. पायांच्या चुका झाकल्या गेल्या की त्या वर्षानुवर्षं राहतात. ते पैसे आत्ता दुसऱ्या गीवर घाला. आठवड्याला तीन वर्ग असतील तर पावसाळ्यात एका गीवर भागत नाही, आणि कुबट वासाचा गी घालून कोणाच्या अंगाशी जाणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

धुण्याचं थोडक्यात. प्रत्येक वर्गानंतर धुवा, बॅगेत रात्रभर ठेवू नका. ब्लीच नको, त्याने धागा कुजतो आणि बाही तिथेच जाते. नीळ चालेल. खळ अजिबात नको: कडक कॉलर मानेवर घासून सालं काढते, आणि धरणाऱ्याच्या बोटांचीही.

जॅकेटच्या आत स्त्रियांनी पांढरा, अंगाबरोबर बसणारा टी-शर्ट घालावा. पुरुषांनी बनियन घालावा की नाही, हे वर्गावर अवलंबून.

मंगळसूत्र, बांगड्या, अंगठी, कानातलं सगळं घरी किंवा पर्समध्ये. मंगळसूत्र काढायला मन होत नाही, हे मी समजू शकते. माझ्या सासूबाईंनाही पहिल्यांदा खटकलं होतं; त्यांना एकदा वर्गात आणून बसवलं, मग प्रश्न उरला नाही. मनगटावरचा गंडादोराही तसाच ठेवू नका. राखीपौर्णिमेनंतरच्या आठवड्यात काताते-दोरी घेताना मी प्रत्येकाच्या मनगटाकडे बघते. मण्यांची राखी मुठीखाली आली की दोघांचीही कातडी सोलते. उतरवून देवघरात ठेवा.

आणि नाव घाला. जॅकेटच्या कॉलरच्या आतल्या बाजूला आणि पँटच्या नाडीजवळ, रंगीत दोऱ्याने टाके घालून. पेनने लिहिलेलं चार धुण्यांत जातं. शिबिराला गेलात की एकाच दोरीवर वीस पांढरे गी वाळत असतात. पहाटे सहाच्या वर्गाला अंधारात दुसऱ्याचा १६० नंबरचा चढवून उभं राहिलात की सकाळ तशीच काढावी लागते.