बंडखोरांच्या पक्षातली फूट कशी वाचावी: माझी नेपाळची वही

डेस्कवर नवीन पोरं आली की मी त्यांना आधी माझी नेपाळची वही दाखवायचो. ती तिथल्या माओवाद्यांवरची. जंगलातून आलेला पक्ष खुर्चीत बसला की कुठे उसवतो, ते त्यात दिसतं.

एका पानावर तीन रकाने पाडा, माओवादी पक्षाच्या तीन नेत्यांचे: अध्यक्ष प्रचंड, बाबुराम भट्टराई, मोहन वैद्य. (वैद्यांचं टोपणनाव 'किरण'. मी आधी किरण हा वेगळा माणूस समजून त्याला जागा दिली होती.) नोव्हेंबर २०१० मध्ये गोरखा जिल्ह्यात पालुंगटारला पक्षाची विस्तारित बैठक झाली. तिघांनी तीन वेगळे दस्तावेज मांडले. पक्ष फुटायला अजून दीड वर्षाहून जास्त अवकाश होता, पण शिवण तिथेच सुटलेली.

दस्तावेजांच्या भाषेत मात्र गुंतू नका. एक म्हणतो जनविद्रोह, दुसरा म्हणतो शांतता आणि संविधान. वाचून डोकं उठतं. त्यापेक्षा चौथा रकाना छावण्यांचा करा, म्हणजे युद्ध थांबल्यावर माओवादी लढवय्यांना जिथे ठेवलं होतं त्यांचा. संयुक्त राष्ट्रांच्या पडताळणीत १९,६०२ लढवय्ये पात्र ठरले. जानेवारी २००८ मध्ये शक्तिखोरच्या छावणीत प्रचंड स्वतःच आपल्या माणसांना सांगत होते की आपण होतो सात-आठ हजार, सांगितले पस्तीस हजार. ती चित्रफीत मे २००९ मध्ये बाहेर आली, त्यांनी पंतप्रधानपद सोडलं त्याच आठवड्यात!

मग पैसा लिहा. छावणी सोडून घरी जाणाऱ्या लढवय्याला ५ ते ८ लाख नेपाळी रुपये. नेपाळी सैन्यात शेवटी गेले चौदाशेच्या आसपास. एप्रिल २०१२ मध्ये नेपाळी सैन्याने छावण्या ताब्यात घेतल्या, जूनमध्ये वैद्य पक्षातून बाहेर पडले आणि त्यांनी वेगळा पक्ष काढला. दोन्ही तारखा शेजारी शेजारी लिहा.

नावं जपून. वैद्यांच्या पक्षाच्या नावात एक आडवी रेघ होती, म्हणून लोक त्यांना 'डॅश माओवादी' म्हणत आणि प्रचंडांच्या पक्षाला 'कॅश माओवादी'. एकदा रात्रपाळीत ती रेघ माझ्याकडून गळली आणि फुटलेला पक्ष आमच्या अंकात पुन्हा एक झाला. सकाळी संपादकांचा फोन.

उजवीकडे जागा सोडा. २०१४ मध्ये वैद्यांपासून नेत्र विक्रम चंद 'विप्लव' वेगळे झाले, २०१५ मध्ये भट्टराईंनीही पक्ष सोडला. आणि रकाने पेन्सिलीने आखा. माझे शाईचे होते, त्यामुळे ते पान आता वाचता येत नाही.