पहिला वळीव, बांधावरचा कडुनिंब आणि सुट्टीतली पोरं

मे महिन्याच्या सुट्टीत नववी-दहावीच्या पोरांना शेतात काय काम द्यायचं, हा प्रश्न घरोघरी असतो. यंदा एकच काम नेमून द्या: पहिल्या वळवानंतर संध्याकाळी हुमणीचे (उसाची मुळं खाणाऱ्या अळीचे) भुंगेरे वेचायचे; हेच भुंगेरे मातीत अंडी घालतात आणि त्यातून ती अळी निघते. बाकीची कामं आठवडाभर पुढे ढकलली तरी चालतील, हे एक दिवसही थांबत नाही.

सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या ऊसपट्ट्यात दर वर्षी तेच घडतं. वळीव पडतो, जो तो नांगरट आणि बियाण्याच्या मागे लागतो, कडुनिंबाकडे कोणी मान वर करून बघत नाही. मग ऑगस्ट-सप्टेंबरात उसाची बेटं पिवळी पडतात आणि हाताने ओढली की मुळाशिवाय वर येतात. तोवर अळी बोटाएवढी जाड होऊन खोल गेलेली असते, तिच्यापर्यंत औषध पोचत नाही. दुकानदार तेव्हाही बाटली देतोच. कोणी ह्युमिक (मुळं वाढवायचं टॉनिक) देतं, कोणी मर रोगाचं औषध देतं. हजारो रुपये जातात आणि बेटं वाळतच राहतात.

हिशेब साधा आहे. हुमणीची वर्षाला एकच पिढी होते. एक मादी साधारण 50 ते 60 अंडी घालते. एका झाडाखाली 200 भुंगेरे सापडले आणि त्यात निम्म्या माद्या धरल्या, तर पाच हजार अळ्या जन्मायच्या आधीच संपल्या. जुलैनंतर हे कोणत्याही पैशाने साधत नाही.

वळीव दमदार हवा. माती उकरून बघा, वीतभर खाली ओल गेली असेल तर त्याच संध्याकाळपासून तयारी ठेवा. दिवस मावळला की साधारण सात-साडेसातला भुंगेरे जमिनीतून निघतात, कडुनिंब, बाभूळ, बोर यांवर बसतात, पाला खातात, तिथेच मिलन होतं आणि पहाटेआधी परत मातीत जातात. वारा पडलेला आणि उकाडा असला की जास्त निघतात, तसंच ओळीतल्या झाडांपेक्षा बांधावरच्या एकट्या कडुनिंबावर जास्त बसतात. हा शिवारातला अंदाज आहे, पण पहिल्या रात्री झाड निवडायला उपयोगी पडतो. नक्की खूण सकाळी दिसते: पानं कडेने अर्धगोल कातरलेली, कुठे नुसती शीर राहिलेली आणि झाडाखाली काळ्या बारीक लेंड्या.

चौघांची टोळी पुरते. झाडाखाली ताडपत्री किंवा जुनी साडी अंथरा. आठच्या सुमाराला, भुंगेरे खाण्यात गुंतले की, वाळक्या बांबूला आकडी लावून फांदी जोरात हलवा. तांबूस तपकिरी भुंगेरे टपटप पडतात आणि पडल्यावर क्षणभर हलत नाहीत, तेवढ्यात गोळा करा. उशीर झाला तर साडीच्या धाग्यात पाय रुतवून बसतात, ओढावे लागतात. बादलीत 10 लिटर पाणी आणि अर्धा लिटर रॉकेल घ्या, वेचलेले भुंगेरे त्यात टाका. रॉकेल मिळत नाही, तिथे डिझेल चालतं. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री तेच झाड पुन्हा हलवा, आणि पुढचा पाऊस झाला की परत. एकट्याच्या शेतात करून भागत नाही, शेजारच्या बांधावरचा भुंगेरा तुमच्याच उसात अंडी घालतो. आळीतल्या सगळ्या पोरांना एकत्र करा, किलोवर पैसे ठरवा, आणि तीन-चार वर्षं सोडू नका.

प्रकाश सापळा (खाली पाणी ठेवून वर टांगलेला दिवा, भुंगेरे उजेडाला येऊन पाण्यात पडतात) लावायचा तर बॅटरीचा किंवा सौर दिवा घ्या. पाण्याच्या घमेल्यावर घरातली वायर ओढून बल्ब टांगू नका, ओल्या हाताने शॉक लागतो. सात ते दहा एवढाच वेळ दिवा ठेवा, नंतर उपयोगी किडेही मरतात.

पोरांसाठी नियम कडक ठेवा. पायात बूट, हातात बॅटरी आणि काठी. वळवानंतर साप-विंचू बाहेर पडलेले असतात. वरून विजेची तार गेली असेल ते झाड सोडा. वीज कडाडत असेल तर त्या रात्री काम नाही. नांगरामागे अळ्या वेचायला पाठवलं तर पोरं ट्रॅक्टरपासून लांब राहिली पाहिजेत. मडगार्डवर कोणी बसायचं नाही आणि रोटाव्हेटर चालू असताना रानात यायचं नाही.

एका झाडावर सरासरी 20 किंवा जास्त भुंगेरे दिसले आणि वेचणं आवरेना, तर शिफारस अशी: इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक 17.8 टक्के, 0.3 मिली प्रति लिटर पाणी, फक्त त्या झाडांवर. झाड मोहरात असेल तर नाही, मधमाश्या मरतात. पंप 18 वर्षांखालच्या कोणाच्याही पाठीवर द्यायचा नाही. फवारलेलं झाड दुसऱ्या दिवशी पोरांकडून हलवून घेऊ नका. फोरेट या जुन्या कीटकनाशकावर बंदी आहे, कोणी जुना साठा काढून दिला तरी घेऊ नका.

जून-जुलैत ओल असताना मेटारायझियम हेक्टरी 20 किलो, म्हणजे एकरी 8 किलो, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून द्या. हुमणीच्या अळ्या मारणारी ही जिवंत बुरशी आहे. पत्र्याखालच्या तापलेल्या दुकानात पडून राहिलेलं पाकीट स्वस्तात मिळालं तरी मातीमोल. तारीख बघूनच घ्या.

सकाळची कामं, 6 ते 10 (11 ते 4 रानात कोणी नको, ताक-पाणी बरोबर):
- धसकटं वेचणं
- ठिबकच्या नळ्यांची टोकं उघडून धुणं
- शेणखत पसरताना सापडलेल्या अळ्या वेचणं
- सोयाबीनची उगवण चाचणी: ओल्या गोणपाटात 100 दाणे, 70 पेक्षा कमी उगवले तर बियाणं वाढवा

रोज रात्री झाडागणिक किती भुंगेरे सापडले ते एका पोराने वहीत लिहून ठेवावं. ज्या झाडावर आकडा मोठा, त्याच्या जवळचा ऊस जुलैत पहिल्यांदा उकरून बघा.