पिकअपला ट्रेलर जोडताय? ओव्हरड्राइव्हच्या या चुका टाळा

ट्रेलर ओढून ओढून गिअरबॉक्स जळाला की माणसं गिअरबॉक्सलाच नावं ठेवतात. गिअरबॉक्सच हलक्या दर्जाचा होता, ऑटोमॅटिक घ्यायलाच नको होती, मॅन्युअल असती तर टिकली असती, असं बरंच ऐकायला मिळतं. मी बरीच वर्षं ट्रेलर ओढतोय आणि असे जळलेले गिअरबॉक्स खोलताना अनेकदा शेजारी उभा राहिलोय. प्रत्येक वेळी मी मालकाला एकच विचारतो: चढावर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सगळ्यात वरचा गिअर, बटण दाबून बंद केला होता का? बहुतेकांनी त्या बटणाला कधी हातच लावलेला नसतो. काहींनी लावलेला असतो, पण उलटा.

घोटाळा नावापासून सुरू होतो. ‘ओव्हर’ आहे म्हणजे जादा ताकद, असा समज करून लोक मागे वजन असताना तो मुद्दाम चालू ठेवतात. प्रत्यक्षात ओव्हरड्राइव्ह हा ताकद कमी करणारा गिअर आहे. जनरल मोटर्सच्या ४एल६०-ई या चार गिअरच्या गिअरबॉक्सचे रेशो बघा: ३.०६, १.६३, १.०० आणि ०.७०. तिसऱ्यात इंजिनचा एक फेरा म्हणजे प्रोपेलर शाफ्टचा, चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा, एक फेरा. चौथ्यात शाफ्टचे १०० फेरे होतात तेव्हा इंजिन फक्त ७० फिरतं. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर असेल तर हे उत्तमच, आवाज कमी आणि इंधनही कमी. पण चाकापर्यंत पोचणारा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, तिसऱ्याच्या तुलनेत ३० टक्क्यांनी घटलेला असतो, आणि मागे ट्रेलर असताना नेमका तोच हवा असतो.

सगळ्यात महाग चूक: गाडीला गिअर शोधत बसू देणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

चार गिअरची पेट्रोल पिकअप, मागे दोन ॲक्सलचा ट्रेलर, त्यावर छोटा लोडर. एकूण ओढ गाडीच्या क्षमतेत व्यवस्थित बसणारी. समोरून वारा होता. पुढे बारा-तेरा किलोमीटरचा चढ, अंगावर येणारा नव्हे, लांबट आणि साधा वाटणारा. असा चढच घातक असतो हे तेव्हा माहीत नव्हतं. उभा चढ असला की गाडी निमूट खालच्या गिअरमध्ये येते आणि तिथेच राहते. मंद चढावर मात्र तिला चौथा पेलत नाही आणि तिसऱ्यात आली की वेग वाढतो, त्यामुळे ती पुन्हा चौथ्यात जाते.

टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणारा, काटा आजही डोळ्यासमोर आहे. १९०० वर चाललोय. वेग जरासा पडला, मी पाय दाबला, काटा २२०० वर. अजून दाबला, गिअर पडला, काटा २७०० वर. वेग आला, पाय सैल केला, काटा पुन्हा १९०० वर. मग परत तेच. दर पंधरा-वीस सेकंदांनी एक आवर्तन, असा सगळा चढ. मला वाटत होतं, ऑटोमॅटिक आहे, तिला कळतंय काय करायचं ते.

आत काय चाललं होतं ते नंतर नीट समजून घेतलं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात ताकद पोचते ती ऑइलच्या प्रवाहातून. एका बाजूचे पाते ऑइल फेकतात, दुसऱ्या बाजूचे त्या माऱ्याने फिरतात. दोन्ही बाजूंच्या वेगात जितका फरक, तितकं ऑइल नुसतं घुसळलं जातं आणि तापतं. म्हणून स्थिर वेगावर लॉकअप क्लच दोन्ही बाजू घट्ट जोडतो आणि घुसळण थांबते. काटा १९०० वरून २२०० वर गेला तेव्हा गिअर बदललाच नव्हता, लॉकअप सुटला होता. त्यानंतर २७०० झाले तेव्हा खरा गिअर पडला. म्हणजे दर आवर्तनात लॉकअप सुटणं, गिअर पडणं, गिअर चढणं, लॉकअप पुन्हा धरणं. गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटा धरताना क्षणभर घसरतातच. रिकाम्या गाडीत तो क्षण काही बिघडवत नाही. मागे वजन असताना तोच क्षण दर मिनिटाला तीन-चार वेळा आला की प्लेटा भाजतात.

वर पोचलो तेव्हा वास आला. डिपस्टिक काढून पांढऱ्या फडक्यावर पुसली. लालसर दिसायला हवं होतं ते ऑइल गडद तपकिरी झालं होतं, जळकट वासाचं. मी ऑइल बदललं आणि वाचलो असं समजलो. दोनेक महिन्यांनी चौथा गिअर चढताना इंजिन नुसतं ओरडायला लागलं, ओढ नाही. गिअरबॉक्स खोलला. मिस्त्रीनं चौथ्याच्या क्लचची एक प्लेट माझ्या तळहातावर ठेवली. अस्तर जागोजागी उडालेलं, उरलेलं नखानं खरवडलं तर कागदासारखं सुटत होतं. शेजारच्या स्टीलच्या प्लेटवर निळे-काळे डाग. त्याने एवढंच विचारलं, “बटण दाबलं नाही?”

त्या दिवसापासून माझी सवय ठरली आहे. चढ समोर दिसला की तो सुरू व्हायच्या आधी, पाय हलका असतानाच, ओव्हरड्राइव्ह बंद. चढाच्या मध्यावर, ॲक्सिलेटर तळाला टेकलेला असताना नाही. तिथपर्यंत थांबलात आणि दाबावंच लागलं, तर पाय किंचित सैल करून दाबा. आणि सपाट रस्त्यावरही गाडीने एका मिनिटात आपणहून दोनदा गिअर खाली-वर केला तर मी वाद घालत नाही, बंद करतो. वारा पुरेसा असतो यासाठी, चढच लागतो असं नाही. परत चालू करायची घाई करत नाही. पाच मिनिटं सपाट गेली, पाय हलका राहिला, तरच.

नवीन माणसांना इथे धीर नसतो. २७०० आरपीएमचा आवाज कानावर आला की त्यांना इंजिन फाटेल असं वाटतं. पेट्रोल पिकअपचं इंजिन तेवढ्यावर तासन् तास आरामात चालतं. उलट इंजिन जोरात फिरतं तेव्हा वॉटर पंप आणि गिअरबॉक्सचा ऑइल पंपही जोरात फिरतात, आणि बऱ्याच गिअरबॉक्समध्ये तिसऱ्यातही लॉकअप धरतो. म्हणजे ज्या आवाजाला तुम्ही घाबरता, त्या आवाजात गिअरबॉक्स थंड असतो. हल्लीच्या गाड्या हुशार आहेत हे मान्य, पण आताचा वेग आणि तुमच्या पायाचा दाब तिला कळतो. पुढच्या वळणानंतर चढ आहे हे फक्त तुम्हाला दिसतं.

तापमानाचा काटा असेल तर बघत जा. गिअरबॉक्स ऑइल ८० ते ९५ अंश सेल्सियसमध्ये असलं तर मी निश्चिंत असतो. ११० ओलांडलं की गिअर आणि वेग दोन्ही कमी करतो. १२० च्या पुढे गेलं तर जागा बघून थांबतो. दर दहा अंश वाढीला ऑइलचं आयुष्य निम्मं, हा जुना ढोबळ हिशेब आहे आणि लक्षात ठेवायला तो पुरे. मात्र काटा कुठल्या ऑइलचं तापमान दाखवतोय हे माहीत करून घ्या. सेन्सर तळाच्या पॅनमध्ये असेल तर कन्व्हर्टरमधून नुकतंच बाहेर पडलेलं ऑइल त्याहून बरंच तापलेलं असू शकतं.

दिवा उलटा वाचणं

डॅशबोर्डवर ‘ओ/डी ऑफ’ हा दिवा पेटला म्हणजे ओव्हरड्राइव्ह बंद आहे. दिवा पेटला म्हणजे चालू झाला असं समजून चढभर तो विझवून ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. शिवाय बऱ्याच गाड्यांत किल्ली फिरवून गाडी पुन्हा सुरू केली की ओव्हरड्राइव्ह आपोआप चालू होतो. पेट्रोल भरून निघालात की पुन्हा दाबा. काही पिकअपमध्ये बटणच नसतं. तिथे चौकटीतला किंवा वर्तुळातला ‘डी’ म्हणजे ओव्हरड्राइव्हसकट, आणि एक घर खाली ओढलं की त्याशिवाय.

उतारावर चौथ्यातच राहणं

चढावरच्या चुकीने गिअरबॉक्स जातो, उतारावरच्या चुकीने माणूस जाऊ शकतो. म्हणून यात मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

ओव्हरड्राइव्हमध्ये इंजिन हळू फिरतं, त्यामुळे ते गाडीला रोखतही नाही. सगळं वजन ब्रेकवर येतं. माझा एक मित्र लांब उतारावर पुढे चालला होता आणि मी मागून. त्याचे ब्रेक लाइट विझतच नव्हते. चार-पाच किलोमीटरनंतर पुढच्या चाकांतून धूर दिसायला लागला. खाली सपाटी आली म्हणून तो थांबू शकला. पेडल जवळजवळ तळाला जात होतं. ट्रेलरचे ब्रेकही सैल होते, ॲडजस्ट करायचे राहिले होते. बिचारा दहा मिनिटं स्टिअरिंग धरून नुसता बसून होता.

उताराचा गिअर वर, उतार सुरू व्हायच्या आधी ठरवायचा. तोच चढ चढायला जो गिअर लागला असता, तो किंवा एक खालचा. वेगही वरच कमी करायचा, कारण एकदा वेग आला की खालचा गिअर घेणं कठीण होतं. तरी वाढलाच, तर ब्रेक ठामपणे दाबून दहा किलोमीटरने खाली आणा आणि पूर्ण सोडा, म्हणजे चाकांना थंड व्हायला वेळ मिळतो. पाय टेकवून हलकेहलके दाबत राहणं ही ब्रेक जाळायची खात्रीची रीत. ओल्या रस्त्यावर गिअर एकदम दोन घरं खाली ओढू नका, मागची चाकं घसरतात.

टो-हॉल दाबला म्हणजे काम झालं असं मानणं

टो-हॉल मोड, म्हणजे वजन ओढतानाचा खास मोड, चांगला आहे, मी तो नेहमी लावतो. त्यात गिअर उशिरा चढतात, जास्त वेळ टिकतात, बऱ्याच गाड्यांत उतारावर ब्रेकला पाय लावला की गाडी स्वतः गिअर पाडते. पण तो ओव्हरड्राइव्ह बंद करतोच असं नाही. फोर्ड आणि जनरल मोटर्सच्या दहा गिअरच्या गिअरबॉक्समध्ये सातवा १:१ चा आहे आणि त्यावरचे तिन्ही ओव्हरड्राइव्ह. तिथे एका बटणाने प्रश्न सुटत नाही. वरचे गिअर अडवायची सोय असते, ती वापरायला शिका. मोड लावूनही गाडी गिअर शोधत असेल तर आठवा, नववा, दहावा अडवून टाका.

थोडक्यात आटपणाऱ्या काही चुका

कायम बंद ठेवणं हेही चूकच. ट्रेलर हलका, रस्ता सपाट, काटा स्थिर, तर ओव्हरड्राइव्ह खुशाल चालू ठेवा. मात्र गाडीचं पुस्तक ‘ओढताना वापरू नका’ म्हणत असेल तर पुस्तकाचं ऐका.

मोठे टायर लावून मग चौथा पेलत नाही अशी तक्रार करणं. टायरचा व्यास दहा टक्के वाढला की ३.७३ चा क्राउन-पिनियन (ॲक्सलमधली गिअरजोडी) ३.३९ सारखा वागतो. ओव्हरड्राइव्ह आणखी जड होतो.

फक्त रेडिएटरमधल्या कूलरवर विसंबणं. नियमित ओढत असाल तर वेगळा ऑइल कूलर बसवा. पैसे लावायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही.

बाटलीतलं औषध ओतून घसरणारा गिअर बरा करणं. होत नाही. उडालेलं अस्तर बाटलीतून परत येत नाही.

जे मिळेल ते ऑइल घालणं. डेक्सरॉन, मर्कॉन, एटीएफ+४ हे एकमेकांच्या जागी चालतातच असं नाही. पुस्तकात लिहिलंय तेच घाला, आणि ऑइल बदलायची मुदत जड कामाच्या रकान्यातली धरा. पॅन उतरवल्यावर चुंबकावर करड्या रंगाची बारीक लापशी दिसली तर घाबरू नका, झिजेची ती नेहमीचीच. कपचे दिसले तर गाडी तशी ट्रेलरला जोडू नका.

वर पोचल्यावर लगेच इंजिन बंद करणं. इंजिन थांबलं की ऑइल पंप थांबतो आणि तापलेलं ऑइल आहे तिथेच शिजत राहतं. हँडब्रेक ओढा, पार्कमध्ये टाका, पाच मिनिटं चालू राहू द्या, काटा खाली येताना बघा. फक्त ऑइल गळत असेल किंवा खालून धूर येत असेल तर इंजिन ताबडतोब बंद करा, कारण तापलेल्या एक्झॉस्टवर पडलेलं ऑइल पेटतं.

आणि ‘ओ/डी ऑफ’चा दिवा लुकलुकत असेल तर त्याचा बटणाशी संबंध नाही. फोर्डच्या जुन्या पिकअपसारख्या काही गाड्यांत गिअरबॉक्समधला बिघाड सांगायची ती खूण आहे. बटण पुनःपुन्हा दाबून तो घालवू नका. गाडी बाजूला घ्या, ट्रेलर सोडवा, आणि बिघाडाचा कोड वाचून घेतल्याशिवाय परत जोडू नका.