हॅस्केलला 'आपण कुठल्या ओएसवर आहोत' हे विचारायचं कसं

इंदूरला रामबागेत राहणाऱ्या माझ्या मावशीकडे दिवाळीच्या आधी महिनाभर फराळाच्या ऑर्डरी सुरू असतात, चिवडा, कडबोळी, अनारसे, आणि वहीतला हिशोब कधीच जुळत नाही म्हणून मी तिला हॅस्केल या प्रोग्रॅमिंग भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. टेक्स्ट फाईल वाचतो, टोटल मारतो, एचटीएमएलचं एक पान बनवतो आणि ते पान ब्राउजरमध्ये उघडतो. यातलं शेवटचं काम मला सगळ्यात सोपं वाटलं होतं आणि त्यातच दोन संध्याकाळी गेल्या, कारण माझ्याकडे उबुंटू, मावशीकडे विंडोज आणि मावसभाऊ मॅकवाला.

फाईल उघडायची कमांड तिघांची तीन तऱ्हेची. लिनक्सवर एक्सडीजी-ओपन, मॅकवर नुसतं ओपन, विंडोजवर स्टार्ट. म्हणजे आधी ओएस, अर्थात ऑपरेटिंग सिस्टम, ओळखणं आलं.

त्यासाठी वेगळं काही इन्स्टॉल करायला लागत नाही, हॅस्केलसोबत येणाऱ्या बेस पॅकेजातच सिस्टम डॉट इन्फो नावाचं मॉड्यूल आहे. ते इम्पोर्ट केलं की 'ओएस' नावाची साधी स्ट्रिंग हातात येते, सोबत प्रोसेसरसाठी 'आर्च' पण. जीएचसीआय (हॅस्केलचा कोड ओळीओळीनं चालवून बघायचा प्रॉम्प्ट) उघडून बघा, लिनक्सवर 'लिनक्स' येईल, मॅकवर 'डार्विन' येईल, कारण मॅकओएसच्या खालचा पाया डार्विन आहे. आणि विंडोजवर? मी आपला भोळेपणानं 'विंडोज' या शब्दाशी तुलना करून बसलो होतो आणि मावशीचा फोन, "अरे, तुझं ते पान उघडतच नाहीये." तिथे उत्तर येतं एम-आय-एन-जी-डब्ल्यू आणि त्याला चिकटून 32, सगळी अक्षरं स्मॉल. हॅस्केलचा कंपायलर जीएचसी विंडोजवर ज्या टूलचेनच्या (कंपाइल करायच्या साधनांच्या संचाच्या) जोरावर चालतो तिचं हे नाव. मशीन 64 बिट असलं तरी 32च दिसतं, त्या आकड्याचा काही अर्थ लावत बसू नका, बिट बघायचे तर 'आर्च' बघा.

आता यातली खरी गंमत टाइपमध्ये आहे. या 'ओएस'ची टाइप आयओ स्ट्रिंग नाहीये, नुसती स्ट्रिंग आहे. आयओ म्हणजे 'हे काम बाहेरच्या जगाशी देवघेव करतं' असं सांगणारी टाइपवरची खूण. हॅस्केलमध्ये बाहेरच्या जगाला काहीही विचारायचं म्हटलं की आयओ लागतो, घड्याळ बघा, फाईल वाचा, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल घ्या, सगळीकडे आयओ. मग इथे का नाही? कारण प्रोग्रॅम मशीनला काही विचारतच नाही. कंपाइल करताना, बायनरी (म्हणजे तयार होणारी चालवायची फाईल) कुठल्या प्लॅटफॉर्मसाठी बनतेय, त्याचा शिक्का तिच्यावर बसतो आणि आपण तो शिक्का वाचतो. बहुतेक वेळा चालून जातं, कारण लिनक्सची बायनरी विंडोजवर थेट चालतच नाही. पण डब्ल्यूएसएलमध्ये, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालवायच्या सोयीत, चालवली की ती अगदी छाती ठोकून 'लिनक्स' सांगणार, आणि तिथे एक्सडीजी-ओपन असेलच याची गॅरंटी नाही. डब्ल्यूएसएल पकडायचं असेल तर प्रोक फोल्डरमधली व्हर्जन नावाची फाईल वाचून त्यात 'मायक्रोसॉफ्ट' शब्द शोधा, कॅपिटल-स्मॉलचा भेद न करता. उबुंटू आहे की फेडोरा हे हवं असेल तर ईटीसी फोल्डरमधली ओएस-रिलीज फाईल, त्यातली आयडीची ओळ. ही दोन्ही कामं आयओमध्येच होणार, कारण आता आपण खरंच मशीनला विचारतोय.

कोड लिहिताना ही स्ट्रिंग जागोजागी तपासत फिरू नका भिया, मी आधी तेच केलं होतं. स्वतःची एक डेटा टाइप करा, तिचे चार कन्स्ट्रक्टर (म्हणजे तिची चार रूपं), लिनक्स, मॅक, विंडोज आणि इतर, 'इतर'च्या पोटात मूळ स्ट्रिंग ठेवा. एक फंक्शन स्ट्रिंग घेऊन ही टाइप देतं. दुसरं फंक्शन ही टाइप आणि फाईलचं नाव घेतं आणि कमांड व तिची आर्ग्युमेंटं परत देतं, चालवत काहीच नाही. चालवायचं काम शेवटी एकदाच, मेनमध्ये, प्रोसेस पॅकेजातल्या कॉलप्रोसेसनं. फायदा असा की दोन्ही फंक्शनं प्युअर आहेत, म्हणजे दिलेल्या इनपुटवरूनच उत्तर देतात आणि बाहेर काही करत नाहीत, त्यामुळे मी उबुंटूवर बसून 'विंडोज' पास करतो आणि काय कमांड तयार होतेय ते बघतो, त्यासाठी मावशीचा लॅपटॉप मागायला लागत नाही. दुसऱ्या फंक्शनमध्ये शेवटी अंडरस्कोर ('बाकी काहीही आलं तरी') टाकून पळवाट ठेवू नका, चारही केस लिहा, मग उद्या पाचवा कन्स्ट्रक्टर आला तर वॉर्निंग चालू असलेला कंपायलर स्वतःच ओरडेल.

विंडोजच्या केसमध्ये अजून एक खड्डा आहे. स्टार्ट ही वेगळी एक्सई फाईल नाहीच, ती सीएमडीच्या आतली कमांड आहे. म्हणून प्रोग्रॅमचं नाव सीएमडी द्यायचं, आणि आर्ग्युमेंटं ओळीनं स्लॅश-सी, स्टार्ट, एक रिकामी स्ट्रिंग, मग फाईलचं नाव. ती रिकामी स्ट्रिंग का? कारण स्टार्टला अवतरणचिन्हातलं पहिलं जे मिळतं ते ती खिडकीचं टायटल समजते. रिकामी दिली नाही तर आपल्या फाईलचं नाव टायटल बनून जातं, काळी खिडकी उघडते आणि पान काही येत नाही.

सीपीपी एक्स्टेन्शन लावून इफडेफ करता येतं, म्हणजे ओएस बघून कोडचा तुकडा कंपाइल होण्याआधीच गाळता येतो, पण ते, कोड दुसऱ्या ओएसवर कंपाइलच होत नसेल तेव्हाच वापरा, उदाहरणार्थ एकीकडे युनिक्स पॅकेज लागतं आणि दुसरीकडे विन32. नाहीतर दुसऱ्या ओएसची फांदी आपल्याकडे कंपाइलच होत नाही आणि तिथली टायपो दुसऱ्याच्या मशीनवर जाऊन सापडते. कबाल फाईलमधल्या (प्रोजेक्टची पॅकेजं वगैरे लिहायची फाईल) अटीत मात्र सरळ 'विंडोज' लिहिलं तरी चालतं.

बाकीच्या भाषांचं थोडक्यात. ओकॅमलचं सिस मॉड्यूल फक्त युनिक्स, विन32 किंवा सिगविन (विंडोजवरचं युनिक्ससारखं वातावरण) सांगतं, लिनक्स आणि मॅक दोन्ही 'युनिक्स'च, फरक हवा तर सिस्टमचं नाव सांगणारी युनेम कमांड चालवा. अर्लांग आणि इलिक्झरमध्ये ओएस मॉड्यूलचं टाइप फंक्शन टपल (इथे दोन नावांची जोडी) देतं, युनिक्स-लिनक्स, युनिक्स-डार्विन, विन32-एनटी, थेट पॅटर्न मॅच करा, मला तर हे सगळ्यात आवडतं. क्लोजरमध्ये जावाची 'ओएस डॉट नेम' प्रॉपर्टी वाचायची. आणि कुठल्याही भाषेत 'विन' ही तीन अक्षरं शोधून विंडोज ठरवू नका, 'डार्विन'च्या शेवटी पण 'विन' आहे.

आणि खूपदा ओएस ओळखायची गरजच नसते. पाथ जोडायला फाईलपाथ पॅकेज आहे, कॉन्फिगचं फोल्डर डायरेक्टरी पॅकेज ज्या त्या ओएसप्रमाणे शोधून देतं. माझे तीनातले दोन चेक असेच उडाले.

तिसरा ठेवला, पान उघडायला लागलं, तर प्रोग्रॅम 'अनारसे' लिहिताना क्रॅश. विंडोजवर फाईलचं डिफॉल्ट एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) वेगळं होतं, त्यात देवनागरी बसत नव्हती. हात शिवशिवले की विंडोज असेल तर यूटीएफ-8 अशी अट टाकावी, पण अट कशाला, फाईल उघडल्यावर एचसेटएन्कोडिंगनं सगळीकडेच यूटीएफ-8 लावून टाकलं, वाचतानाही आणि लिहितानाही, आणि एचटीएमएलच्या डोक्यात कॅरसेटचा मेटा टॅग.